अमेरिकेतल्या हायस्कूलचा बँड डायरेक्टर : मराठी पालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझा मुलगा टेक्सासमधल्या एका सरकारी हायस्कूलमध्ये असोसिएट बँड डायरेक्टर आहे. सहावीत असताना तो शाळेतून क्लॅरिनेटची पेटी घेऊन घरी आला, तेव्हापासून मी हे सगळं जवळून बघते आहे. त्यातली सात वर्षं मी शाळेच्या बँडला मदत करणाऱ्या पालकांच्या बूस्टर क्लबात काम केलं. गणेशोत्सवात, कुणाच्या सत्यनारायणाला, रात्री उशिरा फोनवर, मराठी आईवडील मला हेच प्रश्न विचारतात: मुलगी म्हणते बँड डायरेक्टर व्हायचंय, आता काय करायचं? म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून काढली. नियम टेक्सासचे आहेत. तुमच्या राज्यात तपशील बदलतील, कामाचं स्वरूप फारसं बदलणार नाही.

बँड डायरेक्टर म्हणजे नेमकं कोण? हौशी मुलांचा ग्रुप चालवणारा का?

नाही. तो शाळेचा पूर्णवेळ, परवानाधारक शिक्षक असतो. बँड हा इथे गणित किंवा इतिहासासारखाच वेळापत्रकातला विषय आहे. त्याचा रोज तास असतो, त्याला मार्क असतात आणि तो हायस्कूल पूर्ण करायला लागणाऱ्या क्रेडिटमध्ये धरला जातो. नववी ते बारावीची मुलं त्यात असतात. मोठ्या शाळेत ही संख्या दोनशेच्या पुढे जाते आणि मग एक मुख्य डायरेक्टर, दोन-तीन सहकारी आणि तालवाद्यांसाठी वेगळा शिक्षक अशी टीम असते. छोट्या गावात हे सगळं एकच माणूस करतो.

त्याच्या हाताखाली एक बँड नसतो, बरेच असतात. हिवाळ्यात आणि वसंतात सभागृहात बसून वाजवणारे कॉन्सर्ट बँड (मुलांच्या तयारीप्रमाणे त्याचे तीन-चार स्तर), शरद ऋतूत मैदानावर चालत वाजवणारा मार्चिंग बँड, शिवाय जॅझ बँड आणि बास्केटबॉलच्या सामन्यांना वाजवणारा छोटा पेप बँड. व्हायोलिन-चेलोचा ऑर्केस्ट्रा वेगळा असतो, त्याचे शिक्षकही वेगळे.

अमेरिकेतच बँडला शाळेत एवढं स्थान कसं मिळालं?

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी इथे गावोगावी हौशी बँड होते आणि मार्चसाठी गाजलेला संगीतकार जॉन फिलिप सूझा याचा बँड देशभर दौरे करत होता. पुढे हे संगीत शाळांमध्ये आलं. इलिनॉय विद्यापीठात ए. ए. हार्डिंग यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून चार दशकांहून जास्त काळ बँड घडवला आणि त्यांच्या हाताखालून शिक्षकांची फळी तयार झाली. १९२३ साली शिकागोत शाळांच्या बँडची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली. तिच्यामागे वाद्यं बनवणाऱ्या कंपन्यांचा जोर होता, कारण पहिलं महायुद्ध संपल्यावर त्यांना नवं गिऱ्हाईक हवं होतं. ओहायोतल्या फॉस्टोरियाच्या हायस्कूलने ती जिंकली. हेतू धंद्याचा असला तरी त्यातून शाळाशाळांत शिक्षकाची कायमची जागा निर्माण झाली, आणि ती आज शंभर वर्षांनंतरही टिकून आहे.

या पेशाचा एक माणूस मला फार आवडतो. विल्यम रेव्हेली १९२५ साली इंडियानातल्या हॉबर्ट या छोट्या गावात शिकवायला आले. त्यांनी तिथे शून्यातून बँड उभा केला, तो राष्ट्रीय विजेतेपदापर्यंत नेला, आणि १९३५ मध्ये मिशिगन विद्यापीठाने त्यांना बोलावून घेतलं. तिथे ते १९७१ पर्यंत होते. हायस्कूलच्या मास्तरची कारकीर्द कुठवर जाऊ शकते असं कुणी विचारलं की मी हॉबर्टचं नाव घेते.

मुलं काय वाजवतात? फक्त मार्च?

मार्च, म्हणजे कवायतीच्या चालीचं संगीत, तर हवंच, पण बँडसाठी लिहिलेलं गंभीर संगीत खूप आहे. इंग्रज संगीतकार गुस्ताव होल्स्ट यांनी १९०९ मध्ये बँडसाठी लिहिलेली पहिली स्वीट, म्हणजे अनेक भागांची रचना, आजही हायस्कूलची मुलं वाजवतात. हेच होल्स्ट संस्कृत शिकले होते, ऋग्वेदातल्या सूक्तांची भाषांतरं त्यांनी स्वतः केली आणि महाभारतातल्या सावित्रीच्या कथेवर ऑपेरा लिहिला. मुलाच्या शाळेच्या मैफलीच्या पत्रिकेत त्यांचं नाव दिसलं तर ही ओळख मुलांना जरूर सांगा. १९५२ मध्ये संचालक फ्रेडरिक फेनेल यांनी ईस्टमन विंड एन्सेंबल हा बँडच्या वाद्यांचा छोटा मेळ स्थापन केला. त्यात एका सुरावटीला शक्यतो एकच वादक. तिथून या वाद्यमेळासाठी नवं लिखाण वाढत गेलं.

दिवसभर त्याचं काम काय असतं?

ऑक्टोबरमधला एक दिवस सांगते. पहाटे सहाला तो बँड हॉल उघडतो, कारण साडेसहापासून मुलं वाद्यं घेऊन पार्किंगमध्ये यायला लागतात. सातला सराव सुरू. दोन शिक्षक जमिनीवर आणि एक उंच टॉवरवर माइक घेऊन. साडेआठनंतर शाळेचे तास. त्यातला एक तास त्याला गाडीने जवळच्या मिडल स्कूलमध्ये जाऊन सहावीच्या क्लॅरिनेटवाल्यांना शिकवायचा असतो. टेक्सासमध्ये वाद्य सहावीत हातात येतं आणि हायस्कूलचे डायरेक्टर तिथे जाऊन शिकवतात. हीच मुलं तीन वर्षांनी त्याच्याकडे येणार असतात. दुपारी परत आल्यावर दुसरा कॉन्सर्ट बँड, मग एकेका वाद्याचे वेगळे सराव, म्हणजे सेक्शनल. मधल्या वेळेत ई-मेल, बसचं आरक्षण, गणवेश, तुटलेली वाद्यं दुरुस्तीला पाठवणं आणि कुणाच्या तरी आईचा फोन.

शुक्रवारी रात्री फुटबॉलचा सामना. तो संपेपर्यंत बँड स्टँडमध्ये असतो आणि मध्यंतरात मैदानावर. शनिवारी स्पर्धा असली तर पहाटे निघून मध्यरात्रीनंतर परत. बस आली की मुलं घरी जातात. वाद्यांचा ट्रक रिकामा होईपर्यंत आणि शेवटच्या मुलाला न्यायला गाडी येईपर्यंत डायरेक्टर थांबतो. किती वेळा मी रात्री एक वाजता त्या पार्किंगमध्ये उभी राहिले आहे, आणि प्रत्येक वेळी शेवटची दोन-तीन मुलं त्याच्याशेजारी कट्ट्यावर बसलेली असत.

शाळेबाहेरच्या सरावाला काही मर्यादा आहे का?

आहे. टेक्सासमध्ये शालेय स्पर्धा युनिव्हर्सिटी इंटरस्कोलॅस्टिक लीग, म्हणजे यूआयएल चालवते. तिच्या नियमाप्रमाणे शाळा सुरू असताना तासांबाहेर आठवड्याला आठ तासांपेक्षा जास्त मार्चिंगचा सराव घेता येत नाही. मुलांना ही मर्यादा आहे, शिक्षकाला नाही.

मैदानावर दोनशे मुलं धडकत कशी नाहीत?

हा प्रश्न मला सगळ्यात आवडतो. फुटबॉलच्या मैदानावर दर पाच यार्डांवर रेषा असते. पाच यार्ड आठ पावलांत चालायचे, म्हणजे एक पाऊल साडेबावीस इंच. नववीतलं मूल जुलैच्या शेवटी बँड कॅम्पला येतं तेव्हा पहिले दोन दिवस वाद्याला हात न लावता हेच पाऊल शिकतं. पायाची बोटं वर, टाच आधी, कमरेच्या वरचा भाग स्थिर. मग प्रत्येकाला जागांची यादी मिळते. अमुक ठोक्याला ४५ यार्डांच्या रेषेपासून दोन पावलं बाहेर, समोरच्या खुणेपासून सहा पावलं मागे. सात-आठ मिनिटांच्या कार्यक्रमात अशा साठ-सत्तर जागा असू शकतात आणि त्या तोंडपाठ लागतात.

यात एक अडचण आहे, ती बाहेरून कळत नाही. मैदानाची रुंदी सुमारे ४९ मीटर. मागच्या कडेला वाजवलेला आवाज पुढच्या कडेला पोहोचायला सेकंदाचा सातवा हिस्सा लागतो. लय मिनिटाला १६० ठोक्यांची असेल तर हा उशीर एका ठोक्याच्या एक तृतीयांशाहून जास्त होतो. म्हणजे मागच्या मुलाने पुढच्याचं ऐकून वाजवलं तर तो प्रेक्षकांना हमखास मागे पडलेला ऐकू येणार. म्हणून पुढच्यांना शिकवतात की मागून येणारा आवाज ऐका, आणि मागच्यांना शिकवतात की कानावर विसंबू नका, समोर ताल देणाऱ्या विद्यार्थ्याचे, म्हणजे ड्रम मेजरचे, हात बघा. संगीत शिकणाऱ्या मुलाला ‘ऐकू नकोस, बघ’ असं सांगणं किती अवघड असेल, विचार करा. आणि नोव्हेंबरमध्ये सभागृहात परतल्यावर त्याच मुलाला पुन्हा ऐकायला शिकवायचं.

त्याला सगळी वाद्यं वाजवता येतात का?

एक वाद्य उत्तम, बाकीची शिकवण्यापुरती. बासरीपासून ट्यूबापर्यंत प्रत्येक वाद्यावर सुरुवातीचे सूर काढता यायला हवेत, बोटं कुठे पडतात आणि ओठ कसे धरायचे हे माहीत हवं, आणि मूल चुकलं की नेमकं कुठे चुकलं ते दोन फुटांवरून ओळखता यायला हवं.

घोळ होतो तो पट्टीचा. आपल्याकडच्या हार्मोनियमच्या भाषेत सांगायचं तर बँडचा घरचा सूर काळी पाच. पण नोटेशनमध्ये लिहिलेला ‘सी’ ट्रम्पेट आणि नेहमीच्या क्लॅरिनेटवर वाजवला की काळी पाच निघते, आल्टो सॅक्सोफोनवर काळी दोन निघते आणि फ्रेंच हॉर्नवर पांढरी चार. म्हणजे सगळ्यांनी एकच सूर लावायचा तर प्रत्येकाच्या कागदावर वेगळं लिहिलेलं असतं. डायरेक्टरच्या पुढ्यातल्या स्कोअरवर या वीसेक ओळी एकाखाली एक असतात आणि त्याला त्या वाजत असतानाच मनात बदलून वाचायच्या असतात.

मग त्याचं खरं कौशल्य कोणतं?

कान. मुलगा कॉलेजात असताना एकदा सुट्टीत मैत्रिणीला घेऊन घरी आला होता. तीही क्लॅरिनेटवाली. दोघं स्वयंपाकघरात उभे राहून एकच सूर लावत होते आणि माझ्या हातात कणीक होती. सूर एकच, पण मध्ये व्हंव-व्हंव अशी लाट येत होती. माझी आई गाणं शिकायची. तानपुऱ्याच्या जोडीच्या दोन तारा नीट मिळाल्या नसल्या की अशीच लाट येते हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. मुलाने क्लॅरिनेटचा वरचा जोड केसभर बाहेर ओढला, लाट संथ झाली. अजून थोडा ओढला, आणि ती थांबली. खोलीत एकदम एकच वाद्य उरल्यासारखं वाटलं. ‘आई, एक ४४० वर आणि दुसरं ४४२ वर असलं की सेकंदाला दोन लाटा,’ तो म्हणाला. ‘मुलांना आकडा सांगून उपयोग नसतो. लाट ऐकायला शिकवावी लागते.’

आता तो साठ मुलांच्या बाबतीत रोज हेच करतो. थंडीत वाद्यं उतरतात, गरम खोलीत चढतात, घाबरलेलं मूल ओठ आवळतं आणि सूर वर जातो. साठातलं कोणतं ते ओळखायचं आणि त्याला चारचौघांत न लाजवता सांगायचं. मला विचाराल तर या पेशाचा गाभा हाच आहे, ट्रॉफ्या नव्हेत.

शिक्षण काय लागतं?

संगीत-शिक्षणाची पदवी. नावाला चार वर्षं, बऱ्याच जणांना साडेचार-पाच लागतात. प्रवेशासाठी आपल्या वाद्यावर ऑडिशन द्यावी लागते आणि तिची तयारी अकरावीतच सुरू व्हावी. टेक्सासमध्ये डेंटनचं युनिव्हर्सिटी ऑफ नॉर्थ टेक्सास, ऑस्टिनचं युनिव्हर्सिटी ऑफ टेक्सास आणि टेक्सास टेक यांची नावं बँडवाल्यांत नेहमी निघतात. बाहेर इंडियाना, मिशिगन, इलिनॉय. आपल्या राज्यातल्या सरकारी विद्यापीठाची फी कमी पडते. पुढचा पगार बघता कर्ज काढून लांबच्या महागड्या कॉलेजात जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

अभ्यासात संगीतशास्त्र, कानाचं शिक्षण, संगीताचा इतिहास, संचालन, थोडा पियानो, आणि सुषिर, पितळी व तालवाद्यं शिकवण्याच्या पद्धतींचे वेगवेगळे कोर्स असतात. शिवाय दर सत्रात बँडमध्ये वाजवणं. आठवड्याला पाच-सहा तासांच्या सरावाला एकच क्रेडिट मिळतं, म्हणून कागदावर सोपं दिसणारं वेळापत्रक प्रत्यक्षात सकाळपासून रात्रीपर्यंत भरलेलं असतं. इंजिनिअरिंगला जाणाऱ्या चुलतभावंडांशी तुलना करणाऱ्या नातेवाइकांना हे आवर्जून सांगावं.

शेवटचं सत्र शाळेत उमेदवारीचं असतं, म्हणजे स्टुडंट टीचिंग. ते बहुतेक ठिकाणी बिनपगारी असतं आणि त्या काळात दुसरी नोकरी करणं जवळजवळ अशक्य असतं. त्या सहा महिन्यांच्या खर्चाची सोय आधीपासून करून ठेवा. त्यानंतर संगीत विषयाची आणि अध्यापनाची राज्याची परीक्षा, आणि मग परवाना.

हायस्कूलमध्ये असताना मुलाने काय करावं?

वाद्याची खाजगी शिकवणी लावावी. ड्रम मेजर किंवा सेक्शन लीडर (एका वाद्याच्या गटाचा प्रमुख) होण्याचा प्रयत्न करावा, कारण पन्नास मुलांसमोर उभं राहण्याची भीती तिथेच जाते. उन्हाळ्यात मिडल स्कूलच्या मुलांना शिकवून बघावं. शिकवताना कंटाळा येत असेल, तर वादक व्हावं, डायरेक्टर होऊ नये. पियानोवर बोटं फिरायला हवीत. आपल्या घरात हार्मोनियम असेल तर सुरुवात तिथूनही होते.

तबला किंवा ढोल-ताशा शिकलेल्या मुलाला फायदा होतो का?

लयीचा होतो, भरपूर. इथल्या मराठी मंडळांच्या ढोल-ताशा पथकांत वाजवणारी मुलं मार्चिंग बँडच्या तालवाद्यांच्या गटात, म्हणजे ड्रमलाइनमध्ये, लवकर रुळतात. वजन खांद्याला घेऊन तासन् तास एकत्र वाजवायची सवय असते त्यांना. पण नोटेशन वाचणं वेगळं शिकावं लागतं, आणि तालवाद्यवाल्याला मरिम्बा-झायलोफोनसारखी सुरांची वाद्यंही वाजवावी लागतात. मात्रा मोजणारं मूल तेही पकडतं. घाई करू नये.

पगार किती असतो?

तो शिक्षकाच्या वेतनश्रेणीतच बसतो. अमेरिकेत २०२३ मध्ये हायस्कूल शिक्षकांचा मध्यम पगार वर्षाला सुमारे ६५ हजार डॉलर होता. निम्म्यांना याहून जास्त, निम्म्यांना कमी. राज्याराज्यांत मोठा फरक आहे. बँडच्या शिक्षकाला यावर वेगळा भत्ता मिळतो, कारण काम शाळेबाहेरही चालतं. टेक्सासमध्ये शिक्षकाचा करार साधारण १८७ दिवसांचा असतो, बँडवाल्यांना बऱ्याचदा त्याहून जास्त दिवसांचा करार देतात, कारण जुलैतच काम सुरू होतं. मोठ्या शाळेच्या मुख्य डायरेक्टरला चांगला पगार असतो, पण तिथे पोहोचायला बहुधा दहा-पंधरा वर्षं जातात.

आरोग्यविमा असतो, निवृत्तिवेतन असतं. टेक्सासचे बहुतेक शाळाशिक्षक सोशल सिक्युरिटीत नव्हे तर शिक्षकांच्या टीआरएस या निवृत्तियोजनेत पैसे भरतात. पैशासाठी कुणी या पेशात जात नाही, पण घर चालतं. एक मात्र करा. भत्त्याचा आकडा घेऊन त्याला प्रत्यक्ष जादा तासांनी भागून बघा, आणि हा हिशोब मुलासमोर बसून करा. माझ्या मुलासोबत मी केला होता. तो आकडा बघूनही त्याचं मन बदललं नाही, तेव्हा माझी खात्री पटली.

नोकरी पक्की असते का?

सुरुवातीची वर्षं प्रोबेशनची असतात. मुलाच्या पहिल्या नोकरीत एप्रिलमध्ये डिस्ट्रिक्टने, म्हणजे त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेने, खर्चकपातीत असिस्टंटची जागाच काढून टाकली. त्याला ते ई-मेलने कळलं, आणि त्याच दुपारी त्याला सातवीच्या मुलांचा तास घ्यायचा होता. पुढच्या दोन महिन्यांत त्याने अकरा मुलाखती दिल्या आणि दुसऱ्या गावात घर हलवलं. हायस्कूलच्या चांगल्या जागा कमी असतात आणि बहुतेक सगळे डायरेक्टर एकमेकांना ओळखतात. त्यामुळे पहिल्या नोकरीत कुणाच्या हाताखाली काम केलं याला महत्त्व असतं. दर फेब्रुवारीत सॅन अँटोनिओला टेक्सास म्युझिक एज्युकेटर्स असोसिएशनचं अधिवेशन भरतं आणि डिसेंबरमध्ये शिकागोला मिडवेस्ट क्लिनिक. तिथल्या ओळखी नोकरीच्या वेळी कामी येतात.

‘नो पास, नो प्ले’ म्हणजे काय?

१९८४ साली टेक्सासने कायदा केला की कुठल्याही विषयात ७० च्या खाली मार्क पडले तर मुलाला काही आठवडे स्पर्धेत भाग घेता येत नाही. काही प्रगत विषयांना सूट आहे. म्हणून ऑक्टोबरमध्ये डायरेक्टर मुलांचे भूगोलाचे आणि रसायनशास्त्राचे मार्क तपासत बसलेला दिसतो. एक ट्यूबावाला नापास झाला की मैदानावरच्या आकृतीत भोक पडतं आणि आवाजाचा पायाही हलतो. बँड हॉलमध्ये जेवणाच्या सुट्टीत बारावीची मुलं नववीच्या मुलांना बीजगणित शिकवताना मी पाहिली आहेत. त्याचं नियोजनही डायरेक्टरच करतो.

स्पर्धा कोणत्या, आणि त्यांचं दडपण किती?

यूआयएलची मार्चिंग स्पर्धा प्रदेशापासून सुरू होते आणि राज्याची फेरी सॅन अँटोनिओच्या अलामोडोममध्ये होते. देशपातळीवर बँड्स ऑफ अमेरिकाची ग्रँड नॅशनल्स नोव्हेंबरमध्ये इंडियानापोलिसच्या स्टेडियममध्ये भरते.

मला मात्र वसंतातली कॉन्सर्ट आणि साइट-रीडिंगची परीक्षा जास्त खरी वाटते. साइट-रीडिंगमध्ये मुलांना कधीही न पाहिलेलं संगीत देतात. डायरेक्टरला समजावून सांगायला ठरावीक मिनिटं मिळतात आणि त्या वेळात वाद्यातून सूर काढायचा नसतो. बोटं फिरवा, गुणगुणा, मोजा, एवढंच. मग एकदाच वाजवायचं. वर्षभरात मुलांना वाचायला शिकवलं की एकच कार्यक्रम घोटून घेतला, हे त्या खोलीत कळतं. गुण एक ते पाच असे श्रेणीने देतात, एक सर्वांत वरची. मार्चिंग, कॉन्सर्ट आणि साइट-रीडिंग तिन्हींत एक मिळाली तर त्याला स्वीपस्टेक्स म्हणतात.

दडपण असतं. काही गावांत डायरेक्टरची नोकरी या श्रेणींवर तोलतात. मला ते चुकीचं वाटतं आणि मी बूस्टरच्या बैठकांत ते बोलून दाखवलं आहे.

बूस्टर क्लब म्हणजे काय? त्यात पडावं का?

पालकांची नोंदणीकृत ना-नफा संस्था. सामन्यांच्या वेळी खाण्याचा स्टॉल चालवणं, वर्गणी, ट्रक भरणं, गणवेशाच्या पँटी खालीवर करणं, मैदानावर पाणी नेणं. शाळेचा निधी पुरत नाही. ट्यूबा, बासून, मरिम्बा ही हजारो डॉलरची वाद्यं आहेत. जरूर पडा, निदान शिलाईचं तरी काम घ्या. फक्त पैशाच्या बाबतीत दोन सह्यांचा नियम पाळा आणि रोख रक्कम कधीही डायरेक्टरच्या हातात देऊ नका. त्याच्या आणि मुलांच्या भल्यासाठी हे सांगते.

या कामाचा घरावर आणि तब्येतीवर काय परिणाम होतो?

ऑगस्ट ते नोव्हेंबर घरचं माणूस जवळजवळ नसतंच. दसरा, दिवाळी याच महिन्यांत येतात. गेल्या सात वर्षांत माझा मुलगा लक्ष्मीपूजनाला दोनदा वेळेवर पोहोचला. सूनबाईने हे आधी समजून घेतलं होतं म्हणून निभावतं आहे. तीही शिक्षिका आहे. पहिल्या पाच वर्षांत पुष्कळ जण हे काम सोडतात ते संगीताचा कंटाळा येऊन नव्हे, वेळेमुळे.

दुसरी गोष्ट कानांची, आणि तिच्याकडे फार दुर्लक्ष होतं. ८५ डेसिबलला आठ तास ही कामाच्या ठिकाणची सुरक्षित मर्यादा मानतात. दर तीन डेसिबलला ती वेळ निम्मी होते. म्हणजे ९४ ला एक तास, १०० ला फक्त पंधरा मिनिटं. बंद खोलीत पितळी वाद्यं पूर्ण जोरात असताना हा आकडा सहज गाठला जातो. संगीतकारांसाठीचे खास इअरप्लग मिळतात, ते सूर न बिघडवता आवाज कमी करतात. मुलाच्या पहिल्या पगाराची वाट न बघता मी ते त्याला घेऊन दिले. गणपतीच्या पथकात वाजवणाऱ्या आपल्या मुलांनाही तेच द्यावेत.

मुलींना आणि भारतीय चेहऱ्याच्या माणसांना या पेशात जागा आहे का?

आहे. मिडल स्कूलमध्ये शिक्षिका पुष्कळ आहेत, हायस्कूलच्या मुख्य पदावर आजही पुरुष जास्त दिसतात. स्त्री डायरेक्टरांची संघटना १९६९ पासून आहे. भारतीय नावाचे डायरेक्टर अजून थोडे. माझ्या मुलाचं आडनाव पालकांना सुरुवातीला उच्चारता येत नसे, आता सहावीची मुलंही ते नीट म्हणतात.

भारतात संगीत शिकून थेट इथे ही नोकरी मिळते का?

अवघड आहे. राज्याचा परवाना लागतो, आणि ट्रिनिटी किंवा एबीआरएसएम या ब्रिटिश संस्थांच्या ग्रेड परीक्षा त्याची जागा घेऊ शकत नाहीत. इथे पदवी घेतली तरी संगीत-शिक्षण हा स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनिअरिंग, गणित) विषय नसल्याने ओपीटीचे, म्हणजे शिकल्यावर इथे काम करण्याच्या परवानगीचे, बाराच महिने मिळतात आणि नंतर शाळेने व्हिसा प्रायोजित करावा लागतो. फार थोडे डिस्ट्रिक्ट ते करतात. दोन वर्षांचा अध्यापनाचा अनुभव असलेल्यांसाठी जे-१ व्हिसावरच्या शिक्षक विनिमयाचा मार्ग आहे, तो तीन वर्षांचा आणि आणखी दोन वर्षं वाढू शकतो. नियम बदलत असतात, वकिलाला विचारूनच पाऊल टाका.

गोव्यात पूर्वीपासून चर्चच्या शाळांमधून मुलांना नोटेशन आणि वाद्यं शिकवली गेली, आणि तिथले वादक पुढे पोलीस-लष्करी बँडांत आणि मुंबईच्या चित्रपटसंगीतात दिसले. शाळेतून वादक घडवण्याची ही परंपरा आपल्या शेजारीच आहे, तिची आठवण ठेवावी.

हे काम प्रत्यक्ष बघायचं असेल तर कुठे जावं?

ऑक्टोबरमधल्या कुठल्याही शनिवारी जवळच्या मार्चिंग स्पर्धेला जा. तिकीट साधारण सिनेमाएवढं असतं. स्टँडमध्ये बसण्याआधी वॉर्म-अपच्या जागेशी अर्धा तास उभे राहा. मुलगा दहावीत असताना अशाच एका वॉर्म-अपमध्ये त्याच्या क्लॅरिनेटची एक स्प्रिंग तुटली. किल्ली उघडीच राहायला लागली. त्याच्या डायरेक्टरांनी खिशातून रबरबँड काढला, दोन वेढे देऊन किल्ली दाबून बांधली, चिकटणाऱ्या पॅडखाली सिगारेटचा पातळ कागद सरकवून ओढून घेतला, आणि ‘लांब सूर लाव’ एवढंच म्हणाले. सूर लागला. ते पुढच्या मुलाकडे वळले.

मग स्टँडमध्ये या आणि बँड मैदानात शिरताना डायरेक्टर कुठे आहेत ते शोधा. संचालन ड्रम मेजर करतात, ती मुलंच असतात. डायरेक्टर कडेला उभे असतात, हात मागे बांधून. पुढची आठ मिनिटं त्यांना काहीही करता येत नाही. तुमच्या मुलालाही सोबत न्या, आणि त्याचे डोळे मैदानावर आहेत की कडेला उभ्या असलेल्या त्या माणसावर, ते बघा.